बिभीषण मेस्त्रीची जीभ

माणसांच्या डोक्यातले वाईट विचार कमी करणं हा माझा व्यवसाय आहे. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली, कोचिंगचा कोर्स केला आणि जुळे सोलापुरात एका दवाखान्याच्या वर खोली घेऊन पाटी लावली. कोच म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या खेळाच्या? मी चिडते. मी मुळात चिडकीच आहे. हे मी कुणापासून लपवत नाही, कारण ते लपत नाही.

एका सकाळी उदयसिंह त्या खोलीत आले. शहराबाहेर त्यांचं गॅरेज आहे आणि अठरा बस आहेत. लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली, देवदर्शन, आणि रोज सकाळी सहाला एक गाडी पुण्याला. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, माझा मेस्त्री बिघडलाय. तेवढा दुरुस्त करून द्या."

बिभीषण मेस्त्री त्यांच्याकडे बावीस वर्षं होता. मूळचा मंगळवेढ्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. कळपातलं आजारी मेंढरू नुसत्या चालीवरून ओळखणारा त्याचा बाप होता, आणि पोरानं तेच कसब बसवर लावलं. गाडी गेटातून आत आली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, हिचं बेअरिंग आठवड्यात जाणार, तिचा पट्टा मोहोळच्या पुढं टिकणार नाही. आणि तसंच व्हायचं. गॅरेजातली पोरं मागून म्हणायची, मेस्त्रीची जीभ काळी आहे. लांबची फेरी असली की ड्रायव्हर हात जोडायचे, "मेस्त्री, आज कायबी बोलू नका, नारळ फोडलाय."

"आता दीड वर्ष झालं, तोंडच उघडत न्हाय," उदयसिंह म्हणाले. "गाडीत खोट दिसली की किल्ली खिशात घालतो आन गप बसतो. परवा तुळजापूरची पार्टी दारात उभी, आन किल्ली ह्याच्या खिशात. काय झालंय म्हणून इचारलं तर मान खाली. तीन तासांनी कळलं, ब्रेकचा पाइप चिरला हुता. एवढं बोलायला काय हुतं त्याला?"

मी म्हटलं, दुसरा मेस्त्री ठेवा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच वरमले. "असा माणूस जिल्ह्यात न्हाय मॅडम. तुमी त्याला पॉझिटिव्ह करा." गाडीत हवा भरा म्हणावं, त्या सुरात त्यांनी ते सांगितलं.

बिभीषण आला तो आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला. बावन्न वर्षांचा, काटक, मिशा पांढऱ्या. ऑइल लागू नये म्हणून खुर्चीच्या कडेला टेकला, जणू कपड्यांना नाही तर अंगालाच ऑइल होतं. तासभर मी बोलले. नकारात्मक विचार ही सवय असते, सवय बदलता येते, वगैरे. खराब काम करणाऱ्या मेस्त्रीकडे चांगला मेस्त्री बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. शेवटी मी त्याला माझा कागद दिला. त्यात तीन रकाने असतात. डोक्यात येणारा विचार, त्याचा पुरावा, आणि त्याच गोष्टीकडे बघायची दुसरी रीत. घरून भरून आणा म्हटलं.

पुढच्या खेपेला त्यानं कागद टेबलावर ठेवला. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "मी बोललो की होतं." दुसऱ्यात, "झालं." तिसरा कोरा होता.

"काय झालं?" मी विचारलं.

तो खिडकीकडे बघत सांगायला लागला. त्याला एकच मुलगी, ऋतुजा. लग्न होऊन पुण्याला असते, हडपसरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. दीड वर्षापूर्वी तिचा फोन आला. आईच्या आधी तिनं बापाला सांगितलं की दिवस गेलेत, दुसरा महिना आहे. कुणीही बाप जे म्हणाला असता ते सोडून बिभीषण म्हणाला, "स्कूटर चालवू नको. दुसरा महिना लई नाजूक. पडतं."

नवव्या दिवशी गर्भ पडला.

"पोरगी कायबी बोलली न्हाय," तो म्हणाला. "जावई न्हाय, त्याच्या घरचं न्हाय. बायकोच्या तोंडातनं एकदा निघालं, तुमची जीभच काळी म्हणून. रडताना निघालं. मागनं लई पाया पडली माझ्या. पण खोटं कुटं हाय त्यात? अठरा गाड्यांचं बोललो, खरं झालं. पोरीचं बोललो, खरं झालं."

त्या दिवसापासून तो ऋतुजाशी बोलला नव्हता. रागानं नाही. तिचा फोन आला की तो बायकोला हातानं खूण करायचा, आंघोळीला गेलेत म्हणून सांग. सणाला ती दोनदा येऊन गेली, तेव्हा हा मुद्दाम गावाकडं, मेंढरांत जाऊन राहिला. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा लागला होता.

"मला लई वाटतं बोलावं," तो म्हणाला. "लई म्हंजे लई वाटतं. पण तोंड उघडलं आन हेच निघालं तर?"

कोर्समध्ये यावर एक प्रकरण होतं, ते आठवलं नाही. मी चहा मागवला. चहा पिऊन तो गेला.

त्या माणसाला खोलीत बसवून काही होणार नाही हे मला कळलं. मी गॅरेजवर जायला लागले. पहिल्यांदा गेले ती पहाटे, पुण्याची गाडी सुटायच्या वेळेला. बाकी गाड्या पोरं धुतात. ही गाडी बिभीषण स्वतः पुसत होता. पुढची काच पुसून झाली, तरी परत पुसली. चाकांवर हात फिरवले, प्रत्येक नट हातानं चाचपला. गाडी गेटाबाहेर पडून मोहोळच्या रस्त्याला लागली आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी तो कान देऊन उभा होता. संध्याकाळी तीच गाडी परत आली की ड्रायव्हरला विचारायचा, "पुण्यात ऊन हुतं का? हवा कशी हाय तितं?" ड्रायव्हरला सगळं माहीत होतं. तोही बिचारा रोज नीट उत्तर द्यायचा, हडपसरला जरा ढग होते, वारं होतं, असं. पुण्यात दुसरा कुठला भागच नसल्यासारखा.

लहानपणी ऋतुजा शाळा सुटली की गॅरेजात यायची. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायला हा निघाला की ती इंजिनाच्या झाकणावर बसायची आणि हा विचारायचा, सांग, कुठला आवाज जास्तीचा हाय? सातवीत असताना तिनं मागच्या आसातल्या डिफरन्शियलचा आवाज त्याच्या आधी ओळखला होता. हे त्यानं मला चार वेळा सांगितलं. दर वेळी सांगून झालं की तो रस्त्याकडे बघायचा आणि मी माझी पर्स आवरायचे.

माझा मुलगा इंद्रजीत बंगळुरात असतो. तो काहीही सांगो, मी म्हणते, वा, छान, मस्तच. आई असल्यासारखी नाही, कोच असल्यासारखी मी त्याच्याशी बोलते. आमचा फोन चार मिनिटांत संपतो. बिभीषणकडून परत येताना रिक्षात मला हे नेहमी आठवायचं आणि मी रिक्षावाल्यावर उगाच खेकसायचे.

चौथ्या की पाचव्या भेटीत मी त्याच्या जुन्या वह्या मागितल्या. रोज संध्याकाळी तो प्रत्येक गाडीपुढं काय जाणार ते लिहून ठेवायचा. शाळेच्या दुरेघी वह्या, कडा ऑइलनं काळ्या पडलेल्या. बसची एक जुनी सीट झाडाखाली काढून ठेवली होती, तिच्यावर आम्ही बसलो. मी एक पान उघडलं आणि वाचलं, "चौदा नंबर, पुढचं उजवं बेअरिंग, आठ दिवसांत जाणार. गेलं का?"

"न्हाय."

"का?"

"बदललं की."

"सहा नंबर, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटणार. तुटला?"

"बदलला."

"अकरा नंबर, रेडिएटर गळणार."

"झाळून घेतला." आता तो वैतागला. "मॅडम, सांगितलं म्हंजे दुरुस्त करत्यात. त्यासाठीच तर सांगायचं असतं. तुमी काय इचाराय लागलाय?"

मी पानं उलटत राहिले. दोन पानांत एकच गाडी खरोखर बंद पडली होती, तीही ड्रायव्हर न सांगता घेऊन गेला म्हणून. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या बंद पडलेल्या गाड्या. न पडलेल्या कोण लक्षात ठेवतं? हे सगळं मला बोलून दाखवायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मी गप्प बसले.

त्यानं वही माझ्या हातातून घेतली. स्वतः वाचायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हंजे मी बोललो म्हणून मोडलं, असं न्हाय."

"नाही."

"बोललो म्हणून ह्या एवढ्या वाचल्या."

"हो."

मग त्यानं जे विचारायचं तेच विचारलं. "आन पोरीचं? तितं तर मी सांगितलं हुतं की. तिनं स्कूटरबी बंद केली हुती."

माझ्या खोलीखालच्या डॉक्टरीणबाईंना मी हे आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं तसंच मी त्याला सांगितलं. इतक्या लवकर गर्भ पडतो तो बहुतेक वेळा मुळातच नीट धरलेला नसतो. त्याला स्कूटर कारण नसते, आईचं चालणं-बोलणं कारण नसतं, आणि बापाची जीभ तर नसतेच.

"म्हंजे कंपनीतनंच," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही.

"नवी गाडी येती न्हाय का कंपनीतनं. एखादीत आतनंच फॉल्ट असतो. तो मेस्त्रीला दिसत न्हाय, ऐकूबी येत न्हाय. आपण बोला न्हायतर गप बसा, ती जायचीच असती." एवढं बोलून त्यानं ती काळी वही तोंडापुढं धरली आणि तो रडला. पोरं काम सोडून बघायला लागली. मी त्यांच्यावर डोळे वटारले तशी ती गाड्यांखाली गेली.

त्या दिवसापासून गॅरेजात मेस्त्रीचा आवाज परत आला. किल्ल्या खिळ्यावर दिसायला लागल्या. उदयसिंहांनी मला फोन करून सांगितलं की सकाळपासून पाच गाड्यांना नावं ठेवली, आता झकास चाललंय. त्यांच्या दृष्टीनं माझं काम संपलं होतं.

पण ऋतुजाला फोन गेला नव्हता. सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला न्यायला बापानं जायचं, ही त्यांच्याकडची रीत. सासरची माणसं चांगली होती. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही इथंच करू, असं ती म्हणत होती. बिभीषणची बायको महादेवी मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ह्यांनी बोलावल्याबिगर ती यायची न्हाय. आन आली न्हाय तर हे घर आमाला खायला उठंल."

इथं मी चूक केली. त्याला धीर यावा म्हणून मी एक वाक्य लिहून दिलं. "सगळं चांगलं होईल, अजिबात काळजी करू नकोस." रोज वीसदा म्हणा, तोंडात बसेल. तो आज्ञाधारक माणूस. गाडीखाली झोपून पाना फिरवता फिरवता म्हणायचा. गॅरेजातली पोरंही म्हणायला लागली. दोन रविवार आले आणि गेले. ऋतुजा दर रविवारी अकराला आईला फोन करते, आणि दोन्ही रविवारी हा बाहेरच्या पायरीवरून उठला नाही.

तिसऱ्या रविवारी महादेवीनं मला जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. बिभीषण पायरीवर पाठमोरा बसला होता, मी आले तरी वळला नाही. ओठ हलत होते. आत महादेवी आणि मी शेंगा निवडत होतो. अगदी हळू आवाजात मी म्हटलं की आज नाही जमलं तर राहू द्या, आणि ती तितक्याच हळू म्हणाली, "जमंल की."

अकराला फोन वाजला. महादेवीनं तो स्पीकरवर टाकला, दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि ओरडली, "जरा मोट्यानं बोल बाई, ऐकू येत न्हाय मला."

मी तिच्याकडे बघत राहिले. आत्ता माझी कुजबूज तिला ऐकू आली होती.

ऋतुजा मोठ्यानं बोलायला लागली. बाळ फिरतंय, पाय सुजतात, ड्यूटी आता बसून करायची दिलीय, रात्री आंबट खावंसं वाटतं. एकेक गोष्ट सावकाश, शब्द सुटे सुटे करून, जसं दुसऱ्या खोलीतल्या माणसाला सांगावं. पायरीवरच्या पाठीला सगळं ऐकू जात होतं. मग ती थांबली आणि महादेवी म्हणाली, "हितं बसल्यात तुझं आण्णा. बोल."

बिभीषण उठला. दारात आला, पण उंबरठ्याच्या आत आला नाही. स्टुलावरच्या फोनकडं त्यानं असं बघितलं की मला वाटलं, आता हा परत फिरणार.

"आण्णा?" ऋतुजा म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. वीसदा रोज म्हटलेलं वाक्य मला त्याच्या ओठांवर दिसत होतं. पण ते बाहेर येईना. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते हे, "जिन्यात लाइट हाय का?"

आणि त्याचं तोंड पडलं. महादेवीनं शेंगांचं सूप घट्ट धरलं. मी मनात माझ्या कोर्सला, माझ्या कागदाला आणि मला स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या.

"न्हाय," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज आता मोठा नव्हता. "बल्ब गेलाय. पंधरा दिवस झालं."

"मग बदलला का न्हाय? अंधारात उतरतीस? हातानं कशाला धरतीस?"

"भिंतीला."

"भिंतीला काय धरायचं असतं?" तो उंबरठा ओलांडून आत आला आणि फोनपुढं खाली बसला. "आन बाथरूमात? घसरतं का? चप्पल कसली घालतीस?"

तिकडून हुंदका आला. बिभीषण दचकला, हात मागं घेतला. "मी... मी तसं म्हणत न्हाय ऋतुजा. चांगलंच हुईल. मी नुसतं..."

"इचारा की आण्णा," ती रडत म्हणाली. "सगळी मला म्हणत्यात, काळजी करू नको, काळजी करू नको. दीड वर्षात कुणी इचारलं न्हाय मला जिन्यात लाइट हाय का म्हणून. मला वाटलं, माज्यावर चिडून गप बसलाय. मी स्कूटर उशिरा बंद केली म्हणून."

"तुज्यावर?" तो म्हणाला. "तुज्यावर कशाला चिडू?" आणि पुढचं त्याला बोलता येईना. महादेवी तोंडात पदर धरून आत गेली. मी तिथं कशाला बसले होते ते माझं मलाच कळेना, पण उठायचंही सुचलं नाही.

मग त्यानं सांगितलं, तुझ्यावर चिडून गप्प नव्हतो, मीच भीत होतो, माझ्या जिभेला भीत होतो. पडलं त्याचं कारण तू नाहीस आणि मीही नाही, हे आता मला कळलंय. सगळं त्याच्या त्या तोडक्या बोलीत, थांबत थांबत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग न्यायला कधी येताय?" तिनं विचारलं.

"सातवा लागला की येतो. शेटची गाडी मागतो, मधल्या सीटवर गादी टाकतो." तो थोडा थांबला. बोलावं की नाही, असं चाललं होतं त्याचं, मला ते दिसत होतं. मग बोललाच. "पर मोहोळपाशी रस्त्याचं काम चालू हाय म्हणत्यात. धक्कं बसत्याल. लई हळू आणावं लागंल."

"हळू आणा की," ऋतुजा म्हणाली. "दिवसभर आणा. मला कुटं घाई हाय."